पाय स्थिर असताना आधी कोण हललं ते बघा

तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. म्हणजे पेट्रोल गाडी आहे, मॅन्युअल गिअरची, ९० हजार किलोमीटर झालेत, आणि चौथ्या-पाचव्या गिअरला ६०-७० च्या स्पीडने जाताना एक्सिलरेटरवर पाय अगदी एकसारखा धरला तरी गाडी हळूच पुढे ओढते, मग ढिली पडते, परत ओढते. आरपीएमचा काटा शंभर-दीडशेने वरखाली होतो आणि स्पीडचा काटाही त्याच्याबरोबर हलतो. चेक इंजिनची लाईट लागत नाही. प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर आणि ऑक्सिजन सेन्सर एवढं बदलून झालंय, काडीचा फरक नाही, आणि आता ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बदलून बघू असं तुम्हाला सांगितलंय.

ईसीएम बदलू नका. निदान आत्ता तरी नको. ईसीएम खराब होतंच नाही असं नाही, पण मी आजवर या तक्रारीच्या जेवढ्या गाड्या उघडल्यात त्यात ते सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट होती, आणि बहुतेक वेळा तिथपर्यंत जायची वेळच आली नाही. तुमची खरी अडचण अशी आहे की आतापर्यंत फक्त पार्ट बदलले गेलेत, मोजलं कुणीच काही नाही. चार पार्ट नवीन आले आणि दोष जिथे होता तिथेच आहे.

आधी एक सुरक्षेचं, कारण तुम्ही लिहिलंय की दोनदा गाडी जरा जास्तच ओढली. पाय उचलल्यावरही गाडी ओढत राहिली तर ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा, सोडून सोडून पंप करू नका, कारण थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) उघडी असताना पेडल हलकं करणाऱ्या ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही आणि दोन-तीन वेळा सोडला की पेडल दगडासारखं कडक होतं. लगेच क्लच दाबा, न्यूट्रल करा, इंजिन ओरडेल तर ओरडू द्या, बाजूला घ्या आणि थांबल्यावर बंद करा. चालत्या गाडीत चावी पूर्ण मागे फिरवून काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. आणि आज घरी गेलात की ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट पेडलला कुठे अडकतंय का ते हाताने बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता मूळ विषय. "गाडी सर्ज करते" म्हणून लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. एक म्हणजे पाय नसताना स्वतःहून पळणं, ते वर सांगितलं. दुसरं, उभ्या गाडीत आयडलला आरपीएम झोके घेतं, हजारावरून पंधराशेवर, परत हजारावर. तिसरं तुमचं, चालत्या गाडीत एकसारख्या पायावर ओढ-सोड, गॅरेजमध्ये याला हंटिंग म्हणतात. हे मिसिंगपेक्षा वेगळं आहे बरं का. मिसिंगचा झटका तुटक असतो, कुणी मागून टपली मारल्यासारखा, आणि बहुतेकदा लोड दिल्यावर येतो. हंटिंग संथ असतं, झोपाळ्यासारखं, एक-दोन सेकंदात एक फेरी. तुमचं वर्णन हंटिंगचंच आहे, त्यामुळे प्लग-कॉइलच्या मागे आणखी पैसे घालवू नका.

तुम्ही एक फार कामाची गोष्ट लिहिलीय, की दोन्ही काटे बरोबर हलतात. मॅन्युअल गाडीत क्लच धरलेला असेल तर इंजिन आणि चाकं एकमेकांना बांधलेली असतात. आरपीएम वाढून स्पीड जागेवर राहिला असता तर मी क्लच घसरतोय म्हणालो असतो. आरपीएम स्थिर राहून फक्त धक्के बसले असते तर इंजिन माउंट (इंजिन ज्या रबरावर बसतं ते), ड्राइव्ह शाफ्ट असलं काही बघायला सांगितलं असतं. दोन्ही बरोबर हलतात म्हणजे इंजिनाची ताकदच कमीजास्त होतेय. तरी एसी बंद करून त्याच रस्त्यावर एकदा चालवून बघा, एसीचा कॉम्प्रेसर लागतो-सुटतो तेव्हाही लहान इंजिनाची गाडी अशीच ओढ-सोड करते. एसी बंद केल्यावर गेलं तर पुढचं काही करायचीच गरज नाही, कॉम्प्रेसर एवढ्या लवकर लवकर का लागतोय-सुटतोय ते बघायचं.

हे एकसारख्या पायावरच का होतं, जोरात दाबल्यावर का नाही? पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल लागतं. हलक्या पायावर थ्रॉटल जेमतेम उघडी असते, सिलिंडरमध्ये आधीच कमी माल जातो, त्यात थोडी जरी जास्तीची हवा घुसली तरी मिक्स्चर लीन होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, जळणं मंदावतं आणि ताकद पडते. ऑक्सिजन सेन्सर सांगतो लीन आहे, ईसीएम पेट्रोल वाढवतं, ताकद येते, गाडी ओढते, मग जास्त झालं म्हणून ते कमी करतं, परत पडते. हे करेक्शन चांगल्या गाडीतही सतत चालू असतं, फक्त ते इतकं बारीक असतं की आपल्याला कळत नाही. करेक्शनला पुरणार नाही एवढा दोष असला की ते सीटवर जाणवायला लागतं. म्हणून तुमचा जुना ऑक्सिजन सेन्सर बहुतेक बरोबरच होता, तो फक्त निरोप आणत होता.

आता नेमकं कारण काय ते मी इथे बसून सांगू शकत नाही, ते गाडीवर अवलंबून आहे. थ्रॉटलला केबल आहे का वायरवर (विजेच्या सिग्नलवर) चालणारी आहे, हवा मोजायला मास एअर फ्लो सेन्सर आहे का मॅनिफोल्डचं (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांचं) प्रेशर मोजणारा मॅप सेन्सर आहे, जळालेला गॅस परत आत सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह आहे का नाही, यावर उत्तर बदलतं. पण शोधायची पद्धत सगळीकडे एकच आहे, आणि ती म्हणजे पाय स्थिर असताना आधी कोण हललं ते पकडणं.

त्यासाठी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागणारा साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आणि मोबाईलचं अ‍ॅप पुरतं, फक्त ते अ‍ॅप लाईव्ह डेटा रेकॉर्ड करणारं हवं. ग्राफला चार गोष्टी लावा: पेडल पोझिशन, थ्रॉटल पोझिशन, आरपीएम आणि शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम त्या क्षणी पेट्रोल किती टक्के वाढवतंय किंवा कमी करतंय तो आकडा. जास्त लावू नका, स्वस्त स्कॅनरला एका वेळी खूप गोष्टी विचारल्या की तो एकेक आकडा उशिरा आणतो आणि मग आधी काय हललं तेच दिसत नाही. गाडी चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही, शेजारी कुणाला तरी बसवा किंवा रेकॉर्ड करून घरी आल्यावर बघा. नेहमी होतं तोच रस्ता, तोच गिअर, तोच स्पीड, इंजिन पूर्ण गरम.

मग ग्राफ वाचायचा. तुमचा पाय स्थिर होता आणि तरी पेडलची रेघ थरथरतेय, तर पेडलचा सेन्सर. पेडलची रेघ सरळ आहे पण थ्रॉटलची हलतेय आणि तिच्यामागून आरपीएम हलतंय, तर थ्रॉटल बॉडीत काजळी, तिची मोटर किंवा तिचा सेन्सर. पेडल आणि थ्रॉटल दोन्ही सरळ, आरपीएम मात्र झोके घेतंय आणि ट्रिम मोठी वरखाली होतेय, तर हवा किंवा पेट्रोल. एवढ्यानेच अर्धं काम होतं, आणि एकही पार्ट काढावा लागत नाही.

पेडल सेन्सरबद्दल थोडं जास्त लिहितो कारण लाईट न लागता त्रास देणारी ही जागा आहे. माणूस रोज त्याच रस्त्याने त्याच स्पीडने जातो, त्यामुळे पेडल रोज त्याच एका जागी उभं राहतं. घासून चालणारा सेन्सर असेल तर नेमका तिथलाच ट्रॅक झिजतो. केबलच्या गाडीत हेच थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं होतं. तपासायला इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन ऑन करा, मल्टिमीटर सिग्नलच्या वायरवर लावा आणि पेडल अगदी सावकाश, दहा-पंधरा सेकंद घेऊन पूर्ण दाबा. थ्रॉटल सेन्सरला साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत आकडा गुळगुळीत चढायला हवा. मध्येच खाली पडला किंवा उडी मारली की सापडला. डिजिटल मीटर कधीकधी ती बारीक उडी गाळून टाकतो, काट्याचा जुना मीटर असेल तर तो वापरा, काटा फडफडलेला डोळ्याला दिसतो. वायरवर चालणाऱ्या पेडलमध्ये दोन सिग्नल असतात आणि ईसीएम ते एकमेकांशी ताडून बघतं, फरक मोठा असला तरच बिघाडाचा कोड टाकतं, छोटी थरथर ते खरी समजून पाळतं. नव्या गाड्यांत बरेचसे सेन्सर चुंबकावर चालतात, ते असे झिजत नाहीत, तिथे कनेक्टरच्या पिना आणि अर्थिंग बघायचं.

हवा किंवा पेट्रोल असं निघालं तर आता फ्युएल ट्रिमचे आकडे लिहून घ्या, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म (ईसीएमने शिकून ठेवलेली) दोन्ही, त्यांची बेरीज महत्त्वाची. गरम इंजिन आयडलला, मग उभ्या गाडीत २५०० आरपीएम धरून, मग रस्त्यावर लोडमध्ये. बेरीज अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर छान, १० पर्यंत चालून जातं, त्यापुढे काहीतरी आहे. तुमची लाईट लागत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. लीनचा पी०१७१ कोड बऱ्याच गाड्यांत ट्रिम पार २५ टक्क्यांच्या आसपास गेल्याशिवाय पडत नाही, आणि १५ टक्क्यांवरही गाडी हंटिंग करू शकते.

समजा आयडलला अधिक १८ आहे आणि २५०० ला अधिक ४ वर आली. म्हणजे थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डमध्ये कुठूनतरी इंजिन हवा घेतंय. आयडलला आतलं व्हॅक्यूम जोरदार आणि एकूण हवा कमी, त्यामुळे तेवढ्याच भोकाचा वाटा मोठा असतो, आरपीएम वाढलं की तो वाटा लहान होतो. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, बूस्टरचा पाईप, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत ओढणारा) आणि त्याची नळी, इंजेक्टरचे ओ-रिंग, असं एकेक बघायचं. उलट आयडलला ठीक आणि लोडमध्ये अधिक १८, तर पेट्रोल कमी पोचतंय किंवा एअर फ्लो सेन्सर हवा कमी सांगतोय. ट्रिम उणेमध्ये खोल गेली तर मिक्स्चर रिच होतंय, म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय, तिथे गळका इंजेक्टर, जास्त प्रेशर, नाहीतर पर्ज व्हॉल्व्ह, त्याबद्दल खाली लिहिलंय. हे सगळं एअर फ्लो सेन्सरच्या गाडीला लागू. मॅप सेन्सरच्या गाडीत बाहेरून आलेली हवाही सेन्सर मोजतो, त्यामुळे गळती असली तरी ट्रिम फारशी हलत नाही, नुसतं आयडल वर चढतं.

आणि एक जागा अशी आहे जी या दोन्हीत नीट बसत नाही, आणि तीच मला सगळ्यात जास्त वेळा भेटलीय. एअर फ्लो सेन्सर आणि थ्रॉटल बॉडीच्या मधला घड्यांचा रबरी होज. एक गाडी माझ्याकडे आली तेव्हा तुमच्यासारखीच यादी घेऊन आली होती, प्लग, कॉइल, सेन्सर, पंपसुद्धा नवीन. उभ्या गाडीत सगळं उत्तम, ट्रिम दोन-तीन टक्के, स्मोक टेस्टमध्ये (धूर सोडून गळती शोधतात ती) धुराचा ठिपका नाही. रस्त्यावर नेली की चौथ्या गिअरला हंटिंग. मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी बॉनेट उघडं ठेवून हँडब्रेक ओढला, एकाला ब्रेकवर पाय ठेवून बसवलं आणि क्लच जरासा सोडून इंजिनाला लोड द्यायला लावला, मी बाजूला उभा राहून टॉर्च मारत होतो. इंजिन माउंटवर मागे झुकलं, होज ताणला गेला आणि बारीक 'सुर्रर्र' ऐकू आलं. क्लच दाबला की आवाज बंद. इंजिन बंद करून थंड झाल्यावर होजच्या खालच्या बाजूने हात घातला आणि एकेका घडीत नख फिरवत गेलो, तिसऱ्या घडीत नख आत गेलं. वरून बघितलं तर रबर काळंभोर, चकचकीत, नवीनच वाटेल. चीर फक्त इंजिन झुकल्यावर उघडत होती. पंप उगाचच बदलला गेला होता त्या माणसाचा, मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून या तक्रारीत होज मी काढूनच बघतो, हाताने वाकवून, उजेडासमोर धरून. तुम्ही पण पहिल्यांदा हेच करा, स्क्रूड्रायव्हर आणि दहा मिनिटं लागतात. माउंट बसलेलं असेल तर ते पण करून घ्या, नाहीतर नवा होजही तसाच फाटेल. क्लचची ती टेस्ट मात्र एकट्याने करायची नाही, आणि गाडीच्या समोर कुणी उभं राहायचं नाही.

होज काढलाच आहे तर एअर फ्लो सेन्सर पण साफ करा. त्याच्यासाठीचाच स्प्रे मिळतो तोच घ्या, कार्ब क्लीनर मारू नका, आतली तार किंवा फिल्म बोटाने, कापसाने पुसू नका, नुसता स्प्रे मारून पूर्ण सुकू द्या. तेल लावलेला एअर फिल्टर वापरत असाल तर त्याचं तेल त्या तारेवर बसतं आणि सेन्सर हवा कमी मोजतो. थ्रॉटल बॉडीच्या पाकळीच्या कडेला काळा थर असेल तर तोही काढा, पण वायरवर चालणाऱ्या थ्रॉटलची पाकळी इग्निशन ऑन असताना बोटाने ढकलायची नाही, आत प्लॅस्टिकचे गिअर असतात, शिवाय ती झटकन मिटून बोट सापडू शकतं. साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांना आयडल परत शिकवावं लागतं, ते तुमच्या गाडीच्या पद्धतीने करून घ्या, नाहीतर आयडल वर राहील आणि तुम्हाला वाटेल नवीनच बिघाड झाला.

गळती शोधायला गरम इंजिनवर स्प्रे मारत फिरायची सवय बऱ्याच जणांना आहे. मी ते सोडलं, एक्झॉस्टवर पडला की पेट घेतो. धुराचं मशीन असलेल्या गॅरेजमध्ये करा.

पेट्रोलच्या बाजूला अंदाज नको, गेज लावा. मॅनिफोल्डमध्ये इंजेक्टर असलेल्या गाडीत प्रेशर साधारण ३ ते ४ बार असतं, नक्की आकडा तुमच्या मॅन्युअलमधला धरा. उभ्या गाडीत प्रेशर बरोबर दाखवणारा पंप रस्त्यावर मान टाकतो, म्हणून मोजायचं ते लोडमध्ये, आणि हे काम अनुभवी माणसाकडूनच, पेट्रोलचा पाईप उघडायचा आहे. टाकी पाव भरलेली असताना जास्त होतं का, लांब चालवल्यावर जास्त होतं का, हे आठवून बघा, तसं असेल तर पंपाकडे किंवा टाकीतल्या जाळीकडे बोट जातं. पंप खराब ठरवण्याआधी त्याला चालू असताना व्होल्टेज किती मिळतंय ते मोजा. गंजलेलं अर्थिंग असलं की नवीन पंपही रडतो. आणि एक फुकटची टेस्ट: हंटिंग सुरू झालं की थांबून टाकीचं झाकण उघडा. जोरात हवा आत ओढली गेली आणि पुढचे काही किलोमीटर गाडी सरळ गेली तर टाकीचा हवेचा रस्ता तुंबलाय.

पर्ज व्हॉल्व्ह म्हणजे टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा छोटा व्हॉल्व्ह, तो नेमका हलक्या पायावर एकसारखं चालताना उघडतो, म्हणून तुमच्या लक्षणाशी चांगला जुळतो. पेट्रोल भरल्यावर त्रास वाढत असेल तर आधी हाच. त्याची मॅनिफोल्डकडची नळी तात्पुरती चिमटा लावून बंद करा आणि त्याच रस्त्यावर चालवा. हंटिंग गेलं तर सापडलं. व्हॉल्व्ह काढून बिना करंटचा फुंकून बघा, हवा अजिबात जायला नको. ईजीआर असेल तर त्याचंही तसंच, काजळीने किंचित उघडा अडकला की जळालेला गॅस हलक्या पायावर आत घुसतो आणि मिक्स्चर मंद जळतं, अशा वेळी आयडलही खडबडीत असतं. तपासण्यापुरतं ते बंद करणं ठीक, कायमचं बंद करू नका, साफ करा.

तुम्ही खाली ऑटोमॅटिकबद्दल पण विचारलंय, तुमच्या भावाची आहे म्हणून. त्यात ही पद्धत थोडी बदलते. टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप क्लच, जो इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो, ६०-८० च्या आसपास लागतो-सुटतो करत असेल तर आरपीएम वरखाली होतं पण स्पीड जवळजवळ तसाच राहतो. हंटिंग चालू असताना डाव्या पायाने ब्रेक पेडलला अगदी हलका, लाईट लागेल एवढाच स्पर्श करा, मागे कुणी नसताना. बऱ्याच गाड्यांत त्याने लॉकअप सुटतो. त्याच क्षणी झोके थांबले तर इंजिनाकडे न बघता गिअरबॉक्सचं तेल आणि लॉकअप बघायचं. डिझेल असेल तर हे लिहिलेलं बरंचसं लागू नाही, तिथे रेल प्रेशर, त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह आणि डिझेल लाईनमध्ये शिरणारी हवा यापासून सुरुवात होते.

तुमच्या गाडीला मी या क्रमाने जाईन. होज आणि माउंट, एअर फ्लो सेन्सर आणि थ्रॉटल साफ, मग चार रेघांचा ग्राफ, मग ट्रिमचे तीन आकडे, मग पर्जची नळी बंद करून एक फेरी, आणि त्यानंतरच पेट्रोलचं प्रेशर. होजबरोबरची साफसफाई सोडली तर दोन गोष्टी एकाच दिवशी करू नका, नाहीतर कशाने गेलं ते कळत नाही. दोष सापडून दुरुस्त झाला की स्कॅनरने लाँग टर्म ट्रिम रिसेट करा, कारण ईसीएमने इतके महिने जास्त पेट्रोल द्यायला शिकून ठेवलंय आणि ते परत शिकेपर्यंत एक-दोन दिवस गाडी जड वाटेल, तेवढ्यावरून दुरुस्ती चुकली असं समजून पुन्हा काही उघडू नका.

आयडल, २५०० आणि लोड, या तिन्हीची ट्रिम आणि गाडीत एअर फ्लो सेन्सर आहे का मॅप, एवढं मला कळवा. ईसीएमवाल्याला तोवर थांबायला सांगा.